डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन : रोजच्या ताटाची परीक्षा घेणारा डॉक्टर



तार्नाक्याहून उस्मानिया विद्यापीठाकडे जाताना राष्ट्रीय पोषण संस्थेची पाटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. भारतीयांनी काय खावे, किती खावे, कोणत्या अन्नात कोणती जीवनसत्त्वे आहेत, याचा अभ्यास करणारी ही आपल्या देशातील प्रमुख संस्था. ती आपल्या हैदराबादेत आहे याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण तिचा जन्म हैदराबादेत झालेला नाही. नीलगिरीच्या डोंगरातील कुन्नूर या थंड हवेच्या गावी, एका खोलीच्या प्रयोगशाळेत तिची सुरुवात झाली. त्या खोलीत काम करणाऱ्या डॉक्टरांचे नाव होते रॉबर्ट मॅककॅरिसन. त्यांची ओळख आपण या अंकात करून घेऊ.

आयर्लंडहून भारतात

रॉबर्ट मॅककॅरिसन यांचा जन्म १५ मार्च १८७८ रोजी उत्तर आयर्लंडमधील पोर्टाडाउन या गावी झाला. बेलफास्ट येथे त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १९०० साली ते पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन ते भारतात आले. त्या काळी या सेवेतील तरुण डॉक्टरांना आधी लष्करात पाठवीत. मॅककॅरिसन यांची नेमणूक वायव्य सरहद्दीवरील चित्राळ येथे झाली. तेथे दर उन्हाळ्यात शिपायांना तीन दिवसांचा ताप येई. हा ताप एका बारीकशा वाळूमाशीच्या चावण्याने पसरतो, असे त्यांनी दाखवून दिले. समोर आलेला रोगी तपासून औषध देणे एवढ्यावर थांबायचे नाही, रोग आला कोठून हे शोधायचे, अशी त्यांची वृत्ती तेव्हापासूनच दिसते.

गिलगिटचा ओढा

१९०४ ते १९११ या काळात ते गिलगिट भागाचे सरकारी डॉक्टर होते. उंच पर्वत, तुटक वस्ती आणि घोड्यावरून किंवा पायी प्रवास. गिलगिटमध्ये गलगंडाचे, म्हणजे गळ्याशी गाठ येऊन ती वाढण्याच्या रोगाचे पुष्कळ रोगी होते. मॅककॅरिसन यांनी वाडीवाडीत जाऊन रोगी मोजले. सर्व वाड्यांना एकाच ओढ्याचे पाणी मिळत असे. वरच्या वाडीतून निघालेले पाणी खालच्या वाडीत, तेथून आणखी खाली. सर्वांत वरच्या वाडीत १०० माणसांमागे सुमारे १२ जणांना गलगंड होता, तर सर्वांत खालच्या वाडीत ४५ हून अधिक जणांना. मधल्या वाड्यांतील प्रमाण खाली जावे तसे वाढत गेलेले. पाण्यातील घाणीचा या रोगाशी संबंध असावा असे त्यांना वाटले. ते पडताळण्यासाठी त्या पाण्यातला गाळ त्यांनी स्वतः प्यायला आणि काही स्वयंसेवकांनाही दिला.

गलगंडाचे मुख्य कारण शरीराला आयोडीन कमी मिळणे हे आहे, ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे. म्हणूनच आपल्या घरी आयोडीनयुक्त मीठ येते. तेव्हा मॅककॅरिसन यांचा तर्क पूर्णपणे बरोबर नव्हता. परंतु मोजल्याशिवाय बोलायचे नाही आणि आपले म्हणणे आधी स्वतःवर तपासायचे, ही शिस्त त्यांना गिलगिटनेच दिली.

उलटा प्रश्न

गिलगिटच्या उत्तरेला हुंझा नावाचे छोटे संस्थान होते. तेथील माणसे डोंगर चढण्यात पटाईत, काटक आणि आनंदी दिसत. गहू, जव, ताज्या भाज्या, जर्दाळू, थोडे दूध, क्वचित मांस, असा त्यांचा साधा आहार. तेथे पोटाचे रोगी आपल्याला फारसे भेटले नाहीत, असे मॅककॅरिसन यांनी नोंदवून ठेवले. डॉक्टरांच्या मनात नेहमी येणारा प्रश्न असतो, माणूस आजारी का पडतो? मॅककॅरिसन यांच्या मनात आता त्याच्या उलट प्रश्न आला. काही माणसे निरोगी का राहतात? त्यांच्या आयुष्यातील पुढचे सारे काम या प्रश्नातून उभे राहिले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढे काही लेखकांनी हुंझाच्या लोकांबद्दल अद्भुत कथा रचल्या. तेथील माणसे सव्वाशे-दीडशे वर्षे जगतात असेही छापून आले. त्याला कसलाच आधार नव्हता. तेथे जन्माच्या नोंदीच नव्हत्या आणि नंतर तेथे राहून आलेल्यांना इतर ठिकाणच्यासारखे आजारही आढळले. मॅककॅरिसन यांचे खरे काम हुंझात झाले नाही. ते झाले कुन्नूरच्या प्रयोगशाळेत.

कबुतरे आणि पांढराशुभ्र तांदूळ

पहिल्या महायुद्धात अन्नाचा प्रश्न सरकारला चांगलाच जाणवला. १९१६ साली मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात अडकलेल्या सैन्यात गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही. दोन्ही रोग आहारातील उणिवेचे. १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक खोली देण्यात आली आणि मॅककॅरिसन तेथे कामाला लागले.

बेरीबेरीत पायांतील शक्ती जाते, अंगावर सूज येते, हृदय दुर्बळ होते आणि पुष्कळदा माणूस दगावतो. भाताचा कोंडा काढून टाकलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना असाच रोग होतो, हे जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांनी आधीच दाखवले होते. मॅककॅरिसन यांनी कबुतरांवर प्रयोग केले. पॉलिश केलेला तांदूळच खाऊन राहिलेल्या कबुतरांची मान वाकडी होई, पाय लुळे पडत. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मेलेल्या पक्ष्यांची आतडी, ग्रंथी, हृदय असे एकेक अवयव तपासले. सदोष आहाराने एकच अवयव बिघडतो असे नाही, सगळ्या शरीराची हळूहळू झीज होते, असे त्यांना आढळले. माकडांना सदोष आहार दिल्यावर त्यांची पचनसंस्था बिघडून त्यांना जुलाब व आव झाली. १९२१ साली हे सारे संशोधन त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

आपल्या शेजारच्या आंध्र किनाऱ्याचाही त्यांच्या अभ्यासाशी संबंध आहे. त्या वेळच्या मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर बेरीबेरीचे रोगी बरेच आढळत. तेथे गिरणीत पॉलिश केलेला कच्चा तांदूळ खाण्याची पद्धत होती. ज्या भागात लोक उकडा तांदूळ खात, तेथे हा रोग दिसत नसे. भात उकडून मग सडला, की कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि गिरणीत पूर्णपणे निघून जात नाही. कोकणातील आणि गोव्यातील आपली मंडळी उकड्या तांदळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या पितात. त्यामागचे शास्त्र जुन्या लोकांना माहीत नव्हते, पण त्याचा फायदा त्यांना मिळत होता.

प्रयोगशाळेला कुलूप

एवढे काम चालू असताना १९२३ साली सरकारने खर्चात काटकसर करण्यासाठी कपात समितीची शिफारस स्वीकारली आणि ही चौकशी बंद करून टाकली. मॅककॅरिसन इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डमध्ये काम करू लागले. दुसरा कोणी असता तर तेथेच रमला असता. पण १९२५ साली काम पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळताच ते कुन्नूरला परत आले. १९२८ साली याच कामातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि ते तिचे पहिले संचालक झाले.

सात पिंजरे, सात ताटे

आता त्यांच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगाकडे वळू. भारतात प्रांताप्रांतांतील माणसांच्या उंचीत, वजनात आणि ताकदीत फरक दिसतो. इंग्रज अधिकारी म्हणत, हा जातीचा आणि रक्ताचा गुण. काही लोक जन्मानेच लढवय्ये आणि काही जन्मानेच दुबळे. सैन्यभरतीसुद्धा याच समजुतीवर चाले. मॅककॅरिसन यांनी विचारले, हा फरक रक्ताचा की ताटातला?

त्यांनी एकाच जातीचे, एकाच वयाचे पांढरे उंदीर घेतले आणि त्यांचे सात गट केले. पिंजरे सारखे, स्वच्छता सारखी, हवा सारखी. फरक फक्त खाण्याचा. एका गटाला शिखांचा आहार, दुसऱ्याला पठाणांचा, तिसऱ्याला मराठ्यांचा, मग गुरखे, कानडी, बंगाली आणि मद्रासी लोकांचा. ज्या पद्धतीने ते लोक शिजवून खात, त्याच पद्धतीने उंदरांना दिले जाई. ठरलेले दिवस भरल्यावर उंदरांचे वजन केले. शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, पठाण आहारावरील २३०, मराठा आहारावरील २२५. तेथून आकडा उतरत गेला आणि शेवटच्या मद्रासी आहारावर तो १५५ ग्रॅम होता.

मराठी ताटाचा तिसरा क्रमांक आला हे वाचून आपल्याला बरे वाटेल. पण या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उंदरांना प्रांत नव्हता आणि जातही नव्हती. सगळे एकाच कुळातले होते. तरी केवळ अन्न बदलल्याने त्यांच्या अंगकाठीत एवढा फरक पडला. तेव्हा माणसांतला फरकही जन्माने आलेला मानता येणार नाही, ताट सुधारले तर तो भरून निघेल, असे हा प्रयोग सुचवत होता.

दुसरे असे, की शेवटचा क्रमांक भाताचा म्हणून आला नव्हता. पॉलिश केलेला, धुवून धुवून सत्त्व काढलेला भात आणि त्याच्या जोडीला दूध, डाळ, भाजी नावापुरतीच, असे ते गरिबाचे ताट होते. त्याच भाताबरोबर पुरेशी डाळ, पालेभाजी आणि दही असेल तर तो उत्तम आहार होतो. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या घरचे पप्पू, गोंगुरा आणि मजिग यांसह जेवण ज्यांनी केले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कधीच आजारी न पडणारे उंदीर

प्रयोगशाळेत प्रयोगासाठी उंदीर वाढवावे लागत. त्या मूळच्या कळपाला मॅककॅरिसन यांनी शिखांच्या आहाराच्या धर्तीवर जेवण ठरवून दिले. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची चपाती, तिला थोडे लोणी, मोड आलेले हरभरे, कच्चे गाजर आणि कोबी, दूध, आणि आठवड्यातून एकदा हाडासह थोडे मांस. यात महाग असे काही नाही. सव्वादोन वर्षांपर्यंतच्या वयाचे हे उंदीर, म्हणजे माणसाच्या हिशेबात पन्नाशी गाठलेले, त्यांनी तपासले. अशा हजाराहून अधिक उंदरांच्या तपासणीत रोग जवळजवळ सापडलाच नाही. दुसरीकडे सदोष आहारावरील दोन हजारांहून अधिक उंदीर तपासले, तेव्हा फुप्फुसाचे, पोटाचे, कातडीचे, डोळ्यांचे, मूत्राशयातील खड्यांचे असे नाना तऱ्हेचे रोग आढळले. रोग अनेक, पण त्यांच्या मुळाशी गोष्ट एकच, रोजचे निकृष्ट अन्न.

साहेब म्हणून त्यांनी आपल्या लोकांना सूट दिली नाही. इंग्लंडमधील गरीब कामगारांचा आहारही त्यांनी उंदरांना देऊन पाहिला. पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, जॅम, डब्यातले मांस आणि फार शिजवलेली भाजी. या उंदरांची वाढ खुंटली, ते चिडचिडे झाले आणि पुढे बलवान उंदीर दुबळ्यांना मारून खाऊ लागले. पांढरा पाव, जॅम आणि गोड चहा हा नाश्ता आज आपल्यापैकी किती घरांत चालतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

शाळांसाठी पुस्तक

मॅककॅरिसन यांनी हे ज्ञान शास्त्रज्ञांपुरते ठेवले नाही. १९२८ साली त्यांनी भारतातील शाळा, महाविद्यालये आणि बालवीर-वीरबाला पथके यांच्यासाठी अन्न या विषयावर सोपे क्रमिक पुस्तक लिहिले. शाळेत शिकलेली गोष्ट मुलांमार्फत घरच्या स्वयंपाकघरात पोहोचते, हे त्यांनी ओळखले होते. शेतकी आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी सरकारला बजावले, की या देशातील रोगराईचे फार मोठे कारण निकृष्ट अन्न हे आहे. दवाखाने काढून ते दूर होणार नाही, शेतीत आणि घरात सुधारणा हवी. मात्र परकीय सरकारच्या नोकरीत असल्याने शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ कोठे आहे हे ते उघडपणे मांडू शकले नाहीत. ज्या घरात पोटभर अन्नच नाही, तेथे आहाराची निवड कोणी कशी करावी? त्यांच्या कामाची ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. उंदरांवरील प्रयोग जसाच्या तसा माणसाला लागू करता येत नाही, हीसुद्धा एक मर्यादा.

अखेरची वर्षे आणि पुढची वाटचाल

१९३३ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९३५ साली ते निवृत्त होऊन ऑक्सफर्डला स्थायिक झाले. पुढच्या वर्षी आहार आणि राष्ट्राचे आरोग्य या विषयावर लंडनमध्ये त्यांची व्याख्याने झाली, ती अजूनही अभ्यासली जातात. १८ मे १९६० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तत्पूर्वी १९५८ साली त्यांची प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला आली. त्या वेळी तिचे संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन, एक मराठी शास्त्रज्ञ. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. १९१८ च्या त्या एका खोलीचा आज एवढा विस्तार झाला आहे. याच संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित आहे, असा अंदाज त्यात दिला आहे. मॅककॅरिसन यांच्या काळी बेरीबेरी होती, आता मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार आहेत. तेव्हा अन्न अपुरे होते म्हणून रोग होत. आता साखर, तेल आणि मीठ अधिक होते आणि भाजी, डाळ, फळे कमी पडतात म्हणून होतात. दिवसभराच्या आहारात निम्मा वाटा भाज्या आणि फळांचा असावा, हे या संस्थेचे सांगणे आपल्यापैकी किती घरांत पाळले जाते?

आपण काय करू शकतो?

आपले पूर्वज मराठवाड्यातून, देशावरून, कोकणातून या शहरात आले तेव्हा ज्वारीची भाकरी, पिठले, पालेभाजी, उसळ आणि ताक घेऊन आले. आज भाकरी पाहुण्यांसाठी हौसेने होते आणि डब्यात मात्र नूडल्स व बिस्किटे जातात. प्रयोगात तिसरा आलेला तो मराठी आहार आपल्याच हातून सुटत चालला आहे. एका दिवसाच्या वेफर्सने कोणी आजारी पडत नाही. म्हणूनच ही गोष्ट लक्षात येत नाही. परिणाम दिसतो तो वीस-तीस वर्षांनी, आणि तोवर सवय पक्की झालेली असते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एक छोटा प्रयोग सुचवतो. यासाठी उंदीर लागत नाहीत. एका वहीत सात दिवस आपण काय खाल्ले ते प्रामाणिकपणे लिहा. शेवटी मोजा, किती दिवस पालेभाजी होती, किती दिवस मोडाचे कडधान्य, किती दिवस फळ, आणि पाकिटातला खाऊ किती वेळा आला. मग ती वही आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना दाखवा. आजी लहानपणी काय जेवत असे तेही विचारा आणि शेजारी लिहून ठेवा.

पालकांना विनंती, की डब्यात आठवड्यातून दोन दिवस तरी भाकरी किंवा उसळ द्यावी. विश्वस्तांनाही एक नम्र सूचना. झेंडावंदनाला आणि स्नेहसंमेलनाला मुलांना बिस्किटाचा पुडा वाटण्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू किंवा एक केळे देता येईल का, याचा विचार व्हावा. खर्च फारसा वाढणार नाही.

आणि पुढच्या वेळी तार्नाक्याहून जाताना त्या पाटीकडे पाहा. त्या फाटकामागे ज्या प्रश्नावर आजही काम चालते, तो गिलगिटच्या डोंगरात एका तरुण डॉक्टरला पडला होता.